थर्माकोलचा खंजीर

कुशल, दिवा चालू राहू दे. हे माझ्या मित्राच्या, प्रबोधच्या बाबतीत घडलंय. इथेच सिंगापुरात, तोआ पायोहच्या एका हॉलमध्ये.

२०१४ साल, अनंत चतुर्दशीची आदली रात्र. दुसऱ्या दिवशी मंडळाचं नाटक. प्रबोध संध्याकाळी सेरंगूनच्या बाजारात जाऊन थर्माकोलचा खंजीर घेऊन आला, चंदेरी कागद चिकटवलेला. अगदी खेळणं.

नाटक एकोणिसाव्या शतकातलं, संगीत, विनोदी. खलनायक भोसकतो, नायक मेल्याचं सोंग घेतो, नायिका रडते, मग हा पठ्ठ्या उठून गायला लागतो. झालं लग्न! नायक निशिकांत, बोटीवरचा इंजिनिअर, गळा काय गोड! नायिका त्याची बायको मधुवंती. खलनायक आमचा प्रबोध.

पण त्या प्रवेशाला एक पथ्य होतं. हेच नाटक करणाऱ्या एका जुन्या नाटक कंपनीतल्या खलनायकाने एकदा वैरापायी खरं पातं आणलं. नायक तडफडला. लोकांना वाटलं, वा, काय अभिनय! ओरडले, "वन्स मोअर!" त्या माथेफिरूने दिला की वन्स मोअर. लोक ओरडत राहिले, तो भोसकत राहिला. तेव्हापासून तिथे वन्स मोअर म्हणायचं नाही.

"डोंट ब्लफ लाह, काका!"

जाई, गप बस, थापा नाही मारत. निशिकांतही असाच हसला होता. म्हणाला, "अहो, सिंगापुरात भुतालासुद्धा राहायला पास लागतो!"

रंगीत तालीम सुरू झाली. हॉलमध्ये हे तिघंच. प्रबोधने वार केला, निशिकांत झकास पडला. आणि पडल्यापडल्या स्वतःच ओरडला, "वन्स मोअर!"

मागच्या रिकाम्या खुर्च्यांतून उत्तर आलं...

"वन्स मोअर."

प्रबोधचा हात वर गेला.

"अरे, पुरे..."

खंजीर बरगडीत घुसला. थर्माकोल! रक्त मधुवंतीच्या शालूवर उडालं.

"वन्स मोअर!"

पोटात.

"वन्स मोअर!" आता सगळ्या खुर्च्या ओरडत होत्या. प्रबोध ढसाढसा रडत होता. नंतर मला म्हणाला, "मनोहर, हात माझा होता रे. जोर माझा नव्हता."

खंजीर गळ्याला लागला. कातडी फाटली. निशिकांत घशातून नुसता घरघरला...

मधुवंती दोरीकडे धावली. पडदा पडला की प्रयोग संपला, मग कसला वन्स मोअर? "पडदा!" ती किंचाळली आणि दोरी सोडली.

पडदा धाडकन खाली आला.

शांत...

निशिकांत वाचला. गाणं मात्र गेलं ते गेलंच. पोलिसांनी हत्यार मागितलं, तर प्रबोधने थर्माकोलचा खंजीर पुढे केला. कागदाला सुरकुती नाही, रक्ताचा थेंब नाही. अख्खा हॉल उलथापालथा केला, दुसरं काही मिळालं नाही.

फक्त प्रबोधच्या तळहातावर एका खंजिराच्या मुठीचा ठसा उमटला होता. जुनी मूठ, कमळाची नक्षी. डॉक्टर म्हणाले, जाईल चार दिवसांत.

परवा गप्पांच्या भरात त्याने टाळी मागितली. मी दिली.

नक्षी माझ्या हाताला टोचली.