नॉबवरचा हात

भुताखेतांना मीही हसायचो. पण ही माझ्या सख्ख्या आत्याची गोष्ट आहे, आणि आत्या खोटं बोलत नाही.

भर दुपार होती. आत्या नवजात बाळांच्या कक्षात नर्स. त्या दिवशी काचेच्या पेटीत तिचाच नातू होता... लेकीचा मुलगा. तीन महिने आधी जन्मलेला, मूठभर जीव.

अशा बाळाला ऑक्सिजन मोजूनमापून द्यावा लागतो. कमी पडला तर जीव जातो. जास्त झाला तर कोवळी फुप्फुसं खराब होतात, मूल पुढे धापा टाकत राहतं.

कक्षाच्या मोठ्या सिस्टरना हे कधी पटलंच नाही. अलार्म वाजला की ऑक्सिजनचा नॉब वर! "घेऊ दे गं लेकराला पोटभर." माया नुसती उतू जायची बाईंची. किती पोरांची वाट लावली, देव जाणे.

त्यांना जाऊन वर्ष झालं होतं.

आत्याने नॉब तीस टक्क्यांवर ठेवला. पाठ वळवली...

नॉब चाळिसावर.

तिने खाली आणला. पुन्हा वर.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

तिसऱ्यांदा तिने हात नेला, तर... तिथे आधीच एक हात होता.

दिसत नव्हता. गार लागत होता.

"मोठ्या सिस्टर, पाया पडते तुमच्या," आत्या कुजबुजली. "माझ्या नातवाला तेवढं सोडा."

हात हलेना. आत्याही इरेला पेटली. दोन्ही हातांनी नॉब धरून बसली.

तेवढ्यात अलार्म वाजला.

"नाटकं तुमची! मी नाही फसायची."

आता तो हात तिचं मनगट ओढू लागला. जिवाच्या आकांताने... बाळाच्या नाकाकडे.

आत्याने नॉब सोडला नाही.

मग तिच्या लक्षात आलं... अलार्मखालचा नेहमीचा आवाज बंद झालाय. बाळाच्या श्वासाच्या नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत असतं. बुडबुडे वाजत राहिले की समजायचं, हवा पोचतेय.

बुडबुडे थांबले होते.

नळी नाकातून निसटली होती. केव्हाची!

डॉक्टर धावत आले. नळी बसवली, इवलीशी छाती दाबली. व्हायचं ते होऊन गेलं होतं.

लेकीने एवढंच विचारलं, "आई, तू तिथेच होतीस ना गं?"

आत्या आजही मोठ्या सिस्टरना शिव्याशाप देते. मी मान डोलावतो.

पण त्या खोलीत बाळाला वाचवायला शेवटी एकटी तीच बाई धडपडत होती... हे आत्याला कळलंय का, ते विचारायची माझी छाती होत नाही.