एका आल्फाची दोन गिऱ्हाइकं

ताडपत्री मी डावीकडून उचलली, आणि त्याच क्षणी ती उजवीकडूनही उचलली गेली.

आत अंधार, धूळ, जुन्या चामड्याचा वास... आणि मधोमध ती. धुळीखालूनसुद्धा लाल! दोन सीटांची, बुटकी, लांब नाकाची आल्फा रोमिओ. मी श्वास रोखून पाहतच राहिले. तेवढ्यात पलीकडे कुणीतरी जोरात शिंकलं.

"सॉरी," एक आवाज आला. "पण आधी मी आलोय."

"अजिबात नाही. फाटक मी उघडलं."

"मी मागच्या दारानं आलो."

"मागच्या दारानं चोर येतात."

"आणि लाडके विद्यार्थी," असं म्हणत तो ताडपत्रीखाली वाकला. केसांवर कोळिष्टक, नाकाच्या शेंड्यावर धूळ आणि डोळ्यांत... छे, डोळ्यांकडे मी पाहणारच नव्हते. मी गाडी घ्यायला आले होते!

मी केतकी. आमचं घर विद्यानगरला, बाबा रेल्वेतून निवृत्त झालेले. मी हायटेक सिटीतल्या एका कंपनीत दिवसभर कॉम्प्युटरवर गाड्या भिंतीवर आपटते, म्हणजे अपघातात कुठला पत्रा किती चेपेल ते आधीच काढून देते. इतक्या गाड्या आपटल्या, पण स्वतःची एकही नाही. कारण मला हवी होती ती साधी गाडी नव्हतीच. मला अशीच हवी होती. जुनी, परदेशी, टप मागे टाकला की आभाळ डोक्यावर येणारी.

तिच्या शोधात मी कुठं कुठं गेले नाही! कोइम्बतूरला बॉनेट उघडलं तर इंजिनाच्या जागी कोंबडी अंड्यांवर बसलेली. गोव्यातली तर निव्वळ फसवणूक, वर फायबरचं कवच आणि आत साध्या गाडीचं इंजिन. बेळगावला सगळं जमलं होतं, पण किल्ली देताना मालकच रडायला लागले. मग मीही रडले, आणि रिकाम्या हातानं बस पकडली.

आणि आता आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर, तारनाक्याला, निवृत्त प्राध्यापक इंदुताईंच्या गॅरेजमध्ये ही उभी होती. आणि हा!

"हा उदय," इंदुताई पायरीवरून म्हणाल्या. सत्तरी ओलांडलेल्या, कडक इस्त्रीची सुती साडी, आवाज अजून वर्गातला. "वकील आहे. लॉ कॉलेजात माझ्या हाताखाली होता. एकदा नापास केलाय मी ह्याला."

"मॅडम, ते सांगायलाच पाहिजे का?"

"पाहिजे. म्हणजे तिला वाटायला नको मी तुझी बाजू घेते."

त्या आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहत राहिल्या. मग गाडीच्या नाकावरची धूळ त्यांनी तळहातानं हळूच पुसली. "आमच्या यजमानांनी, हिम्मतरावांनी हौसेनं आणली होती. ते गेले, आणि ही पुन्हा सुरूच झाली नाही. आधी चालू करून दाखवा. मग कुणाला द्यायची ते मी ठरवीन."

"पण आम्ही दोघं...?" मी विचारलं.

"एकट्याच्यानं होणारं काम नाही ते. डिसेंबर सुरू आहे. संक्रांतीपर्यंत बघा."

अशा रीतीनं मी माझ्या शत्रूबरोबर एका गाडीखाली झोपायला लागले.

म्हणजे चटईवर! रविवारी सकाळी, हातात पाने घेऊन. एक पाय त्याचा बाहेर, एक माझा.

"केतकी, तेरा नंबरचा पाना द्या."

"काय म्हणायचं?"

"...कृपया."

"अजून गोड."

"संक्रांत यायचीय अजून," तो म्हणायचा, आणि गाडीखालच्या अंधारात त्याचे दात तेवढे चमकायचे.

पेट्रोलच्या टाकीत गंज निघाला. कार्ब्युरेटरमध्ये मुंग्यांचं गाव निघालं. पाण्याचा पंप तर हातातच सुटून आला. तो इथं मिळणं शक्य नव्हतं, म्हणून थेट इटलीहून मागवला. पंपापेक्षा त्याच्यावरचं कस्टम जास्त! खर्च आम्ही निम्मा निम्मा करत होतो, आणि गाडी मात्र एकालाच मिळणार होती. घरी आई डोक्याला हात लावून बसली, "कायकू गं इतका पैसा ओततेस त्या खटाऱ्यात?" बाबा एवढंच म्हणाले, "फ्लॅट घे म्हटलं तर नक्को, आणि हे हौ!" त्यांचं काही चूक नव्हतं. फ्लॅटसाठी साठवलेलं होतं, तेच तर मी घेऊन निघाले होते.

"तुम्हाला भीती नाही वाटत?" एकदा मी उदयला विचारलं. चहाचे पेले घेऊन आम्ही गॅरेजच्या उंबऱ्यावर बसलो होतो.

"वाटते ना. माझ्याकडे होती एक. इंग्लंडची, हिरवी. तिची एक काच फुटली तर नवी बोटीनं आली. पावसाळ्यात ती छपराखाली आणि मी छत्रीत. विमेवाला माझा फोन बघून कट करायचा." तो हसला... आणि मग हसू जरा खाली उतरलं. "बाबांची बायपास निघाली तेव्हा विकली. ठरवायला एक मिनिटही लागलं नाही. पण नेणारा तिला घेऊन कोपऱ्यावर वळला ना... तो आवाज अजून येतो कानात."

मी माझा बिस्किटाचा पुडा त्याच्याकडे सरकवला. त्यानं एक बिस्किट घेतलं, मोडलं, आणि मोठा तुकडा मला परत दिला.

त्या क्षणी मला कळायला हवं होतं. पण मी पंपाचा विचार करत होते. बहुतेक.

मग टपाचं कापड शोधायला सुलतान बाजार! रंग पक्का हवा, पाणी आत यायला नको, आणि घडी पडली पाहिजे. दुकानामागून दुकान, बसचे हॉर्न, गर्दीत हरवू नये म्हणून त्यानं धरलेला माझ्या पर्सचा बंद... पर्सचाच हं, हात नाही!

"पर्स कशाला धरलीय?"

"हात धरायला परवानगी नाही मिळाली अजून."

"अर्ज केलात का?"

"वकील आहे मी. अर्ज फेटाळला गेला की फार लागतं."

मी पटकन वळून कापडाचा एक तागा बघायला लागले. कान गरम झाले होते. दुकानदार चाचांनी तागा धाडकन उलगडला.

"तंबू के वास्ते होना क्या?"

"नक्को चाचा, गाडी का टप सिलाना है," उदय म्हणाला. "इटली की गाडी."

"वा वा! दुल्हा दुल्हन उसीच में जाते क्या?"

मी म्हणाले, "नहीं!" आणि त्याच वेळी उदय म्हणाला, "देखेंगे."

चाचा इतके हसले की त्यांनी वरून वीतभर कापड जास्तच दिलं.

त्या रात्री मला एक गोष्ट लख्ख दिसली आणि झोपच उडाली. गाडी चालू झाली की इंदुताई एकाला देणार. मग दुसरा रविवारी कशाला येईल? मला गाडी हवी होती... हवीच होती! पण पंप आणखी थोडे दिवस कस्टममध्येच अडकून राहिला तर बरं, असं मला का वाटत होतं?

सहज म्हणून मी फोनवर पार्सल कुठं पोचलंय ते पाहिलं.

आणि उठून बसले.

रविवारी गॅरेजमध्ये तो एकच बोल्ट घट्ट करत होता, सैल करत होता, पुन्हा घट्ट करत होता.

"पंप आला का हो?" मी अगदी साध्या आवाजात विचारलं.

"नाही अजून. तुम्हाला माहितीय ना कस्टमवाले..."

"पार्सल मंगळवारी पोचलं. सही उदय जागीरदार."

पाना खाली पडला. तो हळूच चटईवर बसला.

"कुठंय पंप?"

"...स्कूटरच्या डिकीत."

"मंगळवारपासून?"

"कोर्टात घेऊन जातो, घरी घेऊन येतो."

"का?" माझा आवाज चढला. "मला गाडी मिळू नये म्हणून? आपण निम्मे पैसे..."

"केतकी, पंप बसला की गाडी चालू होईल," तो म्हणाला. माझ्याकडे न पाहता, हातावरचं ग्रीस पुसत. "गाडी चालू झाली की रविवार संपेल. मला गाडी हवीय. खूप हवीय. पण रविवार... रविवार जास्त हवाय."

बाहेर रस्त्यावरून पालेभाजीवाली ओरडत गेली. मला रागवायचं होतं. शप्पथ, वाक्यसुद्धा तयार होतं. पण तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"वेडा आहेस तू."

त्यानं मान वर केली. "मला 'तू' म्हणालीस?"

"पंप आण आधी."

"'तू' म्हणालीस!"

"उदय, पंप!"

तो धावतच गेला. आणि मी एकटी, आल्फाच्या नाकाला टेकून, दोन्ही हातांनी तोंड झाकून हसत सुटले.

संक्रांतीच्या सकाळी तारनाक्याच्या सगळ्या गच्च्या पतंगांनी भरल्या होत्या. इंदुताई तयार होऊन आल्या. ठेवणीतली साडी, पदर खोचलेला, डोळ्यांवर काळा गॉगल! मी किल्ली फिरवली. एक खोकला... दुसरा... उदयनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. आणि मग तिनं घसा मोकळा केला. असा खर्जातला, भरलेला आवाज की शेजारच्या गच्चीवर पोरांनी मांजा सोडून टाळ्या पिटल्या. मी ओरडले, तो ओरडला, आणि आम्ही एकमेकांना कधी मिठी मारली ते कुणालाच कळलं नाही.

"झालं असेल तर बाजूला व्हा," इंदुताई म्हणाल्या.

"मॅडम, मी चालवतो, तुम्ही शेजारी..."

"मी काय शोभेची आहे? हिम्मतरावांना ही गाडी मी शिकवली. ऊठ, केतकी."

टप मागे टाकून त्या निघाल्या. एकट्याच. आर्ट्स कॉलेजला वळसा घालून येते म्हणाल्या, आणि बघता बघता लाल ठिपका होऊन युनिव्हर्सिटीच्या रस्त्याला लागल्या.

आम्ही फाटकाशी उभे राहिलो. आधी हसत, मग घड्याळ बघत. फोन तर त्या घरीच ठेवून गेल्या होत्या.

"ब्रेक नीट बसवलेस ना?" मी विचारलं.

"तूच तपासलेस."

"उदय, त्यांना काही झालं तर..."

त्यानं माझा हात हातात घेतला. ह्या वेळी कुठलाही अर्ज नव्हता. त्याचा तळवा थंडगार पडला होता, माझाही. गाडी कुणाची होणार हा विचार त्या वेळी दोघांच्याही मनात नव्हता.

आणि मग दुरून तो आवाज आला. लाल नाक वळणावर दिसलं. इंदुताईंचा अंबाडा सुटला होता, पांढरे केस वाऱ्यावर उडत होते, मागच्या दिव्यात एक कटलेला हिरवा पतंग अडकून फडफडत होता, आणि चेहरा... इतका लखलखता चेहरा मी कुणाचाच पाहिला नव्हता.

त्यांनी गाडी थांबवली. इंजिन बंद केलं नाही. गॉगल काढला, डोळे पुसले.

"मुलांनो," त्या म्हणाल्या, "मी ही विकत नाही."

त्यांनी स्टिअरिंगवरून तळहात फिरवला.

"रागवा हवं तर. तुमचा सगळा खर्च मी देते. पण इतकी वर्षं मला वाटत होतं, ते गेले म्हणजे सगळंच गेलं. आज वळणावर गिअर टाकला आणि... नाही रे, मी आहे अजून." त्यांनी डॅशबोर्डवरचा डबा उचलून पुढे केला. "तिळगूळ घ्या आणि गोड बोला. निदान आजच्या दिवस शिव्या देऊ नका."

तीन वर्षांचा माझा शोध! गावोगावची पायपीट, फ्लॅटचं स्वप्न, मोडलेली नखं. मला रडू यायला हवं होतं. मी उदयकडे पाहिलं, उदयनं माझ्याकडे, आणि आम्ही दोघं पोट धरून हसायला लागलो. मग मी वाकून इंदुताईंना नमस्कार केला. मनापासून.

त्या पुन्हा एक फेरी मारायला निघून गेल्या. आम्ही फुटपाथवर बसलो, तिळगूळ चघळत.

"कलबुर्गीला एक आहे म्हणे," उदय हळूच म्हणाला. "डाळीच्या गिरणीत. फ्रेंच. बहुतेक चाकं नाहीत."

"मला कशाला सांगतोस? प्रतिस्पर्धी आहे मी."

"तोच तर घोळ आहे." तो थांबला. "गाडी एक, गिऱ्हाइकं दोन. आर.सी.वर तर एकाचंच नाव लागतं."

"मग वकीलसाहेब, ह्यावर उपाय?"

"एक आहे. नाव कुणाचंही लागू दे... गाडी मात्र दोघांच्या एकाच घरासमोर उभी राहील." त्यानं तिळगुळाचा तुकडा बोटांत फिरवला. "म्हणजे... तुझी हरकत नसेल तर."

वर आभाळात पतंगच पतंग होते. माझ्या छातीत काहीतरी इतक्या जोरात धडधडत होतं की जणू तिथंही कुणी किल्ली फिरवली होती.

"नाव माझं लागेल," मी म्हणाले.

"मंजूर!"

"आणि माझ्या बाबांना फ्लॅटचं तू समजावशील."

तो क्षणभर घाबरला. खरंच घाबरला! मग उभा राहिला, मला हात देऊन उठवलं, आणि तो हात सोडलाच नाही.

"आत्ताच समजावतो," तो म्हणाला. "चल, विद्यानगरला."