जोड क्रमांक ४१७

विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. लोकांना पटवून पटवून मी आता हात टेकलेत. पण हे माझ्याच बाबतीत घडलंय, आणि मी पूर्ण शुद्धीत होतो.

१४ मे १९९६. मंगळवार, दुपारचे तीन. बेंगळूर, जयनगर.

तेव्हा तिकडे उत्तरेत गॅसची शेकडो मैलांची पाइपलाइन टाकणं चाललं होतं. दोन पाइप जोडले की त्या जोडाचा एक्स-रे काढायचे. फिल्म कुरियरनं आमच्या ऑफिसात यायची. मी अंधाऱ्या खोलीत दिव्याच्या पेटीवर लावून ती तपासायचो. मी पास म्हटलं की पाइप जमिनीत. नापास म्हटलं की जोड कापा आणि पुन्हा करा.

त्या दुपारी जोड क्रमांक ४१७ ची फिल्म लावली.

जोड चांगला होता. पण त्याच्या कडेला...

चार बोटं.

बोटांची हाडं. पाइपाच्या आतून जोडाला टेकलेली.

आता मला शिकवू नका. वीस वर्षं हेच काम केलंय. एवढ्या जाड पोलादातून हाडं उमटतच नाहीत.

मी साइटवर एसटीडी लावला. तिथला इंजिनिअर अवधूत, पुण्याचा.

"काय थट्टा लावली आहे रे?"

"सर, इथं पंचेचाळीस डिग्रीत थट्टा करायला कुणाला वेळ आहे?"

मी नापास केला. त्यांनी जोड कापून आत बॅटरी मारली. पाइप रिकामा. हजेरी घेतली, सगळी माणसं जागेवर.

आठ दिवसांनी नव्या जोडाची फिल्म आली.

या वेळी मनगटापर्यंत.

पुन्हा नापास. पुन्हा कापला. पुन्हा रिकामा. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून झाडलं. साहेबांना फिल्म दाखवली, तर त्यांना फक्त जोड दिसला. माझं डोकं फिरायची वेळ आली.

त्याच संध्याकाळी गुंडोचा फोन आला.

तो जोड करणारा वेल्डर गुंडोच होता. बेंगळूरजवळच्या आनेकलचा, आपल्याच मराठी माणसांतला. मीच त्याला तिथं चिकटवून दिलं होतं.

"चंदूअण्णा, माझं काय चुकतंय ते तरी सांगा. तीनदा नापास झालो की घरी पाठवतात. भाग्यलक्ष्मीला काय तोंड दाखवू?"

त्याला काय सांगणार होतो मी, कपाळ? म्हटलं, "स्वल्प नीट कर रे."

तो आणखी काय नीट करणार होता? मला स्वतःचाच राग आला.

३० मे. तिसरी फिल्म.

मी ती दिव्यावर लावली.

अख्खा पंजा... बोटं फाकलेली. बंद दारावर आतून थापा मारतात तसा.

मी दिवा बंद केला. पुन्हा लावला. पंजा तिथंच.

खूप चिडलो होतो मी. त्या फिल्मवर, साहेबांवर, माझ्या डोळ्यांवर. दोनदा कापून काय मिळालं? काही नाही. आणि तिसऱ्यांदा कापलं असतं तर गुंडोची भाकरी गेली असती.

मी पासचा शिक्का मारला. दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर कळवूनही टाकलं.

दोन दिवसांनी अवधूतचा फोन आला. आवाज बसलेला.

"सर... गुंडो कुठं सापडत नाहीये."

"कधीपासून?"

"परवा दुपारपासून. तुमचा पास आला, तसं आम्ही पाइपाचं मोकळं तोंड वेल्ड करून टाकलं आणि लाइन खड्ड्यात उतरवली. जेवणानंतर तो कुणालाच दिसला नाही. त्याला पाइपात आडवं व्हायची सवय होती, सर. तेवढीच सावली असते इथं."

मी किंचाळलो, "मग खणा ना! कापा!"

कुणी कापलं नाही. कंत्राटदार म्हणाला, पळाला असेल. पुढं लाइन साफ करायला आतून रबरी गोळा फिरवला. माती निघाली, गंज निघाला. बाकी काही नाही.

जुलैत गुंडोची बायको भाग्यलक्ष्मी ऑफिसात आली. आनेकलच्या बसनं, एकटीच. बसली नाही, पाणी घेतलं नाही.

"अण्णा, लोक काहीबाही बोलतात. ते पाइपात राहिले म्हणतात. पण तुम्ही तर आतलं बघता ना? बघूनच पास केलं ना?"

"हो अक्का."

"आत काही नव्हतं?"

मी तिच्याकडे बघू शकलो नाही.

"नव्हतं," म्हटलं.

"सरी, ठीक आहे अण्णा. तुम्ही बघितलंय म्हणजे झालं." तिनं पदरानं डोळे पुसले आणि ती गेली.

मी तडक उठलो आणि कपाटातून तिसरी फिल्म काढली. ठरवलं होतं, धावत जाऊन तिला दाखवायची. नोकरी गेली तरी चालेल.

पेटीवर लावली...

पंजा नव्हता.

पहिली लावली, दुसरी लावली. कुठं बोट नाही, हाड नाही. तिन्हींवर नुसता जोड. स्वच्छ, कुणीही पास करावा असा.