मनगटावरचा नंबर

शुद्धीवर आली तेव्हा तिच्या डोक्याखाली कुणाचा तरी घडी केलेला शर्ट होता... आणि समोर, बनियनवर ओशाळून बसलेला एक अनोळखी माणूस.

खुर्चीचा मोडका पाय घेऊन तो तिच्या दादाच्या फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये आला होता. ती आकडी येऊन कोसळली, तेव्हा त्यानेच तिला कुशीवर वळवलं होतं.

“मी फार हातपाय झाडले का?” तिने डोळे मिटूनच विचारलं.

“तुम्ही थोडेच. तुमच्या वहिनींनी जास्त.”

ती हसली. आकडीनंतर हसू आलं, असं पहिल्यांदाच घडत होतं.

गल्लीच्या टोकाला, छोट्याशा दुकानात तो मनगटी पट्टे बनवायचा. हात आकडीसारखा हलू लागला, की घरच्या माणसाच्या फोनवर घंटा वाजवणारे. गरिबालाही परवडावेत असे. त्यातला एक तिच्या मनगटावर आला. चाचणीपुरता त्यात नंबर त्याचाच होता.

पण ती तर दिवसभर लाकूड घासायची! पॉलिश पेपर हातात घेतला, की पट्ट्याला वाटायचं, आकडीच आली. मग तो धापा टाकत दारात.

“आले बघ तुझे पट्टेवाले,” वहिनी तोंडाला पदर लावायची.

“पुन्हा खोटीच?” तो.

“खुर्ची तर खरीच घासत होते,” ती मान खाली घालून म्हणायची. मग हळूच, “चहा घेता?”

तो शेजारी बसून तिचा हात न्याहाळायचा. घासणं कसं, थरथर कशी... पट्टा शिकत गेला. खोट्या घंटा थांबत गेल्या. आता कशाला येईल तो? मग तीच मुद्दाम हात वेडावाकडा झटकू लागली. त्यालाही कळत असावं. तरी यायचा — धावतच.

एका दुपारी मात्र तो घंटेविनाच आला. दूरच्या शहरात एक कारखाना त्याचे पट्टे बनवणार होता. त्याला आता तिथेच राहायचं होतं.

“कायमचा नंबर घालायला हवा. एकच मावतो — स्वस्तातला आहे ना...” तिचं मनगट त्याच्या हातात होतं. “माझाच राहू देऊ? म्हणजे... तुम्हीही आलात तिकडे, तर...”

लाकडाचा भुसा उन्हात तरंगत होता. ‘हो’ अगदी ओठांवर आलं होतं. पण मला कुणावर भार होऊ देऊ नकोस, एवढंच तर ती रोज सकाळी हात जोडून देवाकडे मागायची.

“जन्मभर धावाल?”

“सवय झालीय.”

“सवयीचा कंटाळाही येतो हो.” तिने मान वळवली. “दादाचा घाला.”

त्याने घातला. पट्टा नीट बसलाय ना, हे उगाचच पुन्हा पुन्हा पाहिलं... आणि उठला.

तो गल्लीच्या वळणाशी पोचला, तसा तिचा हात आपसूक उठला. वेड्यासारखा झटकत राहिला. घंटा वाजली — आत, दादाच्या खिशात. रंधा टाकून दादा धावत आला.

“काय झालं गं, चिमणे?”

“काही नाही, दादा... खोटीच होती.”

वळणावर आता कुणी नव्हतं. देवाने तिचं ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने हात जोडले खरे. पण काय मागावं, तेच तिला सुचेना.