किल्लीला हात लावायचा नाही

तो तिच्या गॅरेजमध्ये शिरला तेव्हा त्याच्या कुशीत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं. तिला वाटलं, मूल. निघाला कॅमशाफ्ट, इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा.

"हा बसवून द्याल?"

तिनं तो दांडा उजेडात फिरवला. "हा शर्यतीच्या गाडीचा. तुम्ही जाता कुठे?"

"गोठ्यात."

गुरांचा डॉक्टर होता. त्याची जीप बाहेर दोरीला बांधून उभी होती. ओढून आणलेल्या म्हशीसारखी.

"दुकानदार म्हणाला, ताकद वाढेल."

"वाढेल ना, सुसाट पळवलीत तर. चिखलात हळू चढताना आचके देऊन बंद पडेल. परत करा, मूळ मापाचाच आणा. आणि त्यावर टेकून हलणारे टॅपेटही नवे. जुने टॅपेट जुन्या शाफ्टवर घासून बसलेत, नव्याला खाऊन टाकतील."

"म्हणजे... सगळं नव्यानं सुरू करायचं?" तो तिच्याकडेच बघत होता.

"टॅपेट," ती म्हणाली. "सगळं नाही."

त्यानंतर डॉक्टर रोज येऊ लागला. शंका रोज ताजी. शाफ्ट नक्की हाच ना? मग या खाचा कशाला? एकदा सहज म्हणाला, "माझी बदली झालीय. लांब. जीप तयार झाली की निघायचं."

"मग रोज येऊन माझा खोळंबा का करता?"

"तेच सांगायचं होतं—"

"सांगा."

"...ते गॅस्केट कुठल्या बाजूनं बसतं?"

तिनं कपाळाला हात लावला. ग्रीसचा.

कोपऱ्यातल्या खुर्चीतून तिचे बाबा म्हणाले, "गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालतो, आणि तोंडातून शब्द काढता येईना याला!"

शाफ्ट आत सरकवायला मात्र तिला त्याचाच हात लागला. काळं दाट ग्रीस फासलेला शाफ्ट हळूहळू फिरवत आत न्यायचा होता. कुठे ओरखडा उठता कामा नये. बोटांना बोटं लागत होती... त्याच्या हाताला जराही कंप नव्हता.

"जमतंय की," ती नाइलाजानं म्हणाली.

"वासरू काढतो ना, तसंच. फक्त उलट."

तिला हसू आलं. याचा तिला फार राग आला.

शेवटी इंजिन चालू करायचा दिवस उजाडला. मागच्या सीटवर डॉक्टरची बॅग बांधून तयार होती.

"पहिली वीस मिनिटं इंजिनाचा वेग उतरू द्यायचा नाही," तिनं बजावलं. "नवे टॅपेट शाफ्टवर नीट बसेपर्यंत किल्लीला हात लावायचा नाही. लावला, तर तो हात मी मोडेन."

इंजिन गर्जू लागलं. तो अॅक्सिलरेटरवर पाय दाबून बसला, ती बॉनेटपाशी.

"ऐका!" तो ओरडला.

"काय?"

"तेल... गळत नाही ना?"

"नाही!"

"ऐका!"

"आता काय?"

"पाणी तापलं का?"

तिनं बॅगेकडे बघितलं. त्याच्याकडे बघितलं. मग तरातरा जाऊन खिडकीतून हात घातला आणि किल्ली फिरवली.

शांत.

"बंद केलंत?"

"हात लागला."

बाबांनी तोंड उघडलं. लगेच पुन्हा चालू केलं की भागतं, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. तिनं त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

"अरेरे," बाबा घसा खाकरून म्हणाले, "शाफ्ट गेला बहुतेक."

"उघडून बघावं लागेल," ती म्हणाली. "तुम्हाला घाई असेल तर बसनं जा."

"मला जायचंच नाहीये!" इंजिन बंद होतं, तरी तो ओरडूनच बोलला. "म्हणजे जायचंय, नोकरी आहे. पण एकट्यानं नाही. तुम्ही... याल?"

"एवढं विचारायला इंजिन उघडावं लागतंय मला," ती म्हणाली. "तो तेराचा पाना द्या."

त्यानं चौदाचा दिला.

तिनं तो घेतला. हातासकट.