मापापुरती बाई

चाळिसाव्या दिवसाच्या विधीचे गहू, अक्रोड आणि पिठीसाखर घेऊन परतताना मी मिंचोच्या छापखान्यात शिरलो. बिस्त्राचा, माझ्या बायकोचा, कागद छापायला टाकायचा होता.

आमच्या प्रोवादिया गावात माणूस गेलं की त्याचा कागद निघतो. वर काळा क्रूस, मध्ये फोटो, खाली नाव आणि घरच्यांचं दुःख. तो दारावर, विजेच्या खांबांवर, बेकरीच्या भिंतीवर चिकटवतात. चाळिसाव्याला नवा, वर्षाला पुन्हा नवा. लोक पाव घ्यायला जाताना थांबतात, चेहरा बघतात, चुकचुकतात आणि पुढे जातात.

"मजकूर ठीक आहे, मास्तर," मिंचो म्हणाला. "फोटो?"

"देतो."

"गेल्या खेपेलाही 'देतो'च म्हणालात. मी नुसता क्रूस छापला. आता लोक मला टोचतात, फोटोग्राफरच्या बायकोला फोटो नाही? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच!"

माझे कान तापले. पिशवी उचलून मी बाहेर पडलो. दारावरच्या कागदाकडे न बघता घरात शिरायची मला एव्हाना सवय झाली होती.

मी आयुष्यभर दगडी खांबांचे फोटो काढले. पाल्मिरा, बाल्बेकच्या पडक्या प्राचीन देवळांचे, लिबियाच्या किनाऱ्यावरचे. आर्मेनियातल्या दरीत कड्याला चिकटून उभे असलेले, कुणीही न घडवलेले दगडी खांब. आणि वार्नाच्या वाटेवर वाळूत रोवल्यासारखे उभे असलेले आमचे दगड. पण नुसत्या फोटोत खांब किती उंच ते कळत नाही. शेजारी माणूस लागतं, मापाला. ते माणूस म्हणजे बिस्त्रा. ती पायथ्याशी जायची, दगडाला तळवा लावायची आणि मी सांगेन तशी उभी राहायची. मी कॅमेऱ्यात मान घालून ओरडायचो, "हलू नकोस!" उन्हात, वाऱ्यात ती तशीच उभी. बऱ्याच वेळानं लांबून हाक यायची, "झालं का, लाझार?" मी उत्तर देत नसे. कामाच्या वेळी बोलायला मला आवडत नसे.

"सगळं जग हिंडले," ती पाहुण्यांना सांगायची, "पण काडेपेटीतल्या काडीएवढी होऊन." पाहुणे हसायचे. मीही हसायचो.

लग्नाचा फोटो आहे, पण त्यात ती बावीस वर्षांची. ओळखपत्रावर एक होता, तर ते मृत्यूची नोंद करताना नगरपालिकेत जमा करावं लागतं. मी खिशातून काढलं आणि दिलं. त्यावर चेहरा आहे हे माझ्या लक्षातही आलं नाही. याची मला लाज वाटते. सगळ्यात जास्त याचीच वाटते.

शेवटचे आम्ही गेलो ते वाळूतल्या दगडांकडे, शरद ऋतूत. ती म्हणाली, "आज एकदा जवळून काढ ना माझा. नुसता माझा." मी म्हणालो, "उजेड चाललाय. हात लाव दगडाला." तिनं लावला. त्या रात्री तिला ताप भरला, आणि मग सगळं इस्पितळच. अर्धा वापरलेला रोल कॅमेऱ्यात तसाच राहिला.

घरी दोन्काताई वाट बघत होती. ही बिस्त्राची थोरली बहीण. गहू उकडायला आली होती.

"दिलास फोटो?"

"जुन्या निगेटिव्हमधून मोठा करून काढतो आज."

"काढ. काडीचं माणूस होतंय का बघ." तिनं गहू पातेल्यात ओतले. "आमच्या आजोळी गवंडी पूल बांधायचे ना, तेव्हा वाटेवरच्या माणसाची सावली दोरीनं मोजायचे, त्याच्या नकळत. ती दोरी दगडाखाली पुरायची. दगड मग हलत नसे. माणूस मात्र वर्ष काढत नसे. तू तर माझ्या बहिणीला देशोदेशी मोजलीस, लाझार."

"ताई, पुरे."

"मी कुठं काय म्हणतेय?" ती म्हणाली आणि गॅस पेटवला.

माझी डार्करूम म्हणजे स्वयंपाकघराला लागून असलेली कोठी. खिडकी मीच बुजवलेली. बाहेर टळटळीत दुपार असली तरी आत दार लावलं की डोळे उघडे काय अन् मिटलेले काय. शिरक्यासारखा आंबूस वास, नळाची एकसारखी टपटप, आणि भिंतीपलीकडे शिजणारा गहू.

लाल दिव्यात मी बाल्बेकची निगेटिव्ह लावली. तिच्या डोक्याएवढाच भाग मोठा केला. कागदावर राखेसारखे ठिपके आले. त्यातून कपाळ, हनुवटी असं काहीसं दिसत होतं. तोंड माझ्याकडे होतं एवढं नक्की. मी आणखी मोठा केला. कागद औषधात बुडवला, हलवला, वाकून पाहिलं.

तिनं तोंड फिरवलं होतं. दगडाकडे.

तीच निगेटिव्ह होती. मी पाल्मिराची लावली. पहिल्या कागदावर समोर बघणारी, दुसऱ्यावर पाठमोरी. आर्मेनियातही तेच. खरं सांगू, त्या वेळी भीती कमी आणि शरम जास्त होती. आपल्या माणसानं तोंड फिरवल्यावर वाटते तशी.

मग मला तो अर्धा रोल आठवला. कॅमेऱ्यातून काढला, रिकामा कॅमेरा मागच्या फळीवर ठेवला आणि लाल दिवाही मालवला. फिल्म धुवायच्या डब्यात भरायची तर तेवढाही उजेड चालत नाही. मी चाचपडत भरू लागलो. टपटप थांबली होती. पलीकडचा गहूही शिजायचा थांबल्यासारखा वाटला. आणि आंबूस वासात वाळूचा वास मिसळला. उन्हानं तापलेल्या वाळूचा.

"हलू नकोस…"

अगदी हळू. मागून.

"दोन्काताई?…"

मी हललो नाही. हलता आलं नाही. मग फळीवर खट्ट झालं. पन्नास वर्षं ऐकलेला शटरचा आवाज तो, मी कसा चुकेन? कॅमेऱ्यात फिल्म नव्हती. फिल्म माझ्या हातात होती.

तुम्ही आलाच आहात तर दिवा जरा अलीकडे घ्या, तो रोल दाखवतो. हं.

रोल धुऊन मी खिडकीशी धरला. पहिला अर्धा भाग माझा. उभे दगड, वाळू, कलतं ऊन. पायथ्याशी कुणीच नाही. उरलेली फिल्म कोरी असायला हवी होती. ती कोरी नव्हती. त्यात दगडांपाशी उभं राहून बघितल्यावर दिसतं ते होतं. लांब वाळूत एक माणूस कॅमेऱ्यात मान घालून उभा. काडीएवढा. चेहरा नाही. पुढच्या चौकटीत तो थोडा मोठा, मान तशीच खाली. त्याच्या पुढच्या चौकटीत आणखी मोठा.

शेवटच्या चौकटीत मी होतो. या कोठीत, कोटावर तिच्या सुतकाची काळी फीत, हातात फिल्मचा डबा. मिट्ट काळोखात काढलेला, आणि तरी पापणीचा केस न् केस स्वच्छ. इतका चांगला चेहरा मी कधी कुणाचा टिपला नाही. डाव्या खांद्यावर एक तळवा टेकलेला होता, बोटं पसरून, दगडावर ठेवायची तसा. बोटात तिची अंगठी. मनगटाच्या पुढं चौकट संपत होती. तिथंही तिचा चेहरा नव्हताच.

मी तो छापून दोन्काताईला दाखवला. तिनं चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं आणि छातीवर क्रूसाची खूण केली.

"कुणी काढला?" तिनं विचारलं. मग तिचा आवाज एकदम मऊ झाला. "कागदाला असाच फोटो लागतो रे. समोरून, जवळून. बघ, तू तिची सोय केली नाहीस… तिनं तुझी करून ठेवली."

चाळिसाव्याला बिस्त्राचा कागद मी रिकामी चौकट ठेवून छापला. आता लोक थांबतात, त्या चौकटीकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात. मी मान खाली घालतो.

कॅमेरा अजून त्याच फळीवर आहे, रिकामा. उजेड कलायला लागला की खट्ट वाजतं. दर संध्याकाळी थोडं अधिक जवळून. म्हणूनच मघाशी तुम्ही दार ठोठावत राहिलात तरी मी उठलो नाही. मी खुर्चीत ताठ बसतो, हनुवटी वर करून. बराच वेळ गेला, पाठ भरून आली, की मी विचारतो, "झालं का, बिस्त्रा?"

ती उत्तर देत नाही. मीही कधी देत नसे.