गळ्यातली पाटी

"लाइट येईपर्यंत बसा," पंडितआबा म्हणाले. "पण छगनची गोष्ट ऐकायची तर मध्ये बोलायचं नाही. कुंदन, तू तर मुळीच नाही."

पोरं हसली. आबांनी तंबाखू मळली आणि सुरू केलं.

आपल्या नवागामचाच छगन. कापडाच्या लूमवरचं काम सोडून शहरातल्या जुन्या इंग्लिश हायस्कुलात शिपाई लागला, तो लेकीसाठी, पूजासाठी. शिपायाच्या मुलीला तिथं प्रवेश मिळायचा. दिवसभर गुजराती बोलून त्याचं तोंड दमायचं. घरी आला की बापलेकीची अहिराणी, घरची बोली, सुरू. त्याची बायको पुष्पाबाई म्हणायची, "तुम्ही दोघं बोला, मी आपली मुकी."

तेवीस सालची पौष अमावस्या, शनिवार. सव्वीस जानेवारीला शाळेच्या इतिहासाचं प्रदर्शन होतं. रात्री नऊला शाळेच्या मोठ्या बाईंचा फोन आला, तळघरातली जुनी रजिस्टरं वर आणून ठेव म्हणून.

छगन गेला. त्या खोलीची हकीकत जुन्या शिपायानं त्याला सांगितलेली होती. इंग्रज साहेबाच्या काळात वर्गात कुणी घरची बोली बोललं की त्याच्या गळ्यात सुतळीनं बांधलेली लाकडी पाटी पडायची. दुसऱ्या कुणाला तसं बोलताना पकडलं, तरच ती उतरून त्याच्या गळ्यात जायची. शाळा सुटताना ती ज्याच्या गळ्यात असेल, त्याला तळघरात कोंडायचे. एकदा कोंडलेलं पोर सगळे विसरले. त्याच रात्री तापीला पूर आला, तळघर भरलं.

कुलूप उघडलं. बॅटरी फिरवली. कपाट, रजिस्टरं, मोडके बाक.

शेवटच्या बाकावर एक पोरगं होतं.

मान खाली. पूजाएवढंच. पायाखाली पाणी साचलेलं. छगनला पाटीबिटी काही आठवली नाही. त्याच्यातला बाप अहिराणीत बोलला.

"काय रे भाऊ, आजून घर नही गया का?"

पोरानं मान वर केली. हसलं. फार दिवसांनी कुणी सुट्टी द्यावी, तसं. आणि गळ्यातली सुतळी काढायला लागलं...

बॅटरी विझली.

छगन घरी कसा पोचला, त्यालाच ठाऊक नाही. पूजा दारात उभी.

"पप्पा, काय व्हयनं?"

त्याचं तोंड उघडलं. शब्द नाही. गळ्यात पाटीचं ओझं. आणि त्याचा उजवा हात आपोआप वर निघाला. सुतळी धरून. तिच्याकडे.

डाव्या हातानं त्यानं तो पकडला. मानेनं तिला विनवलं. गप. गप राहा पोरी...

"पप्पा, बोला ना..."

तो पळाला. तापीच्या पुलावर कठड्याला गमछ्यानं स्वतःचा हात बांधून घेतला. रात्रभर तसाच. तिच्यापासून जितकं लांब, तितकं बरं.

पहाटे गळा हलका झाला. चाचपून पाहिलं. काही नाही. तो रडला, हसला, धावत घरी आला.

पूजा झोपली होती. पुष्पाबाई उशाशी.

"रातभर दारमा बठीसन आपली बोलीमा तुमले हाका मारनी ती," पुष्पाबाई म्हणाली. "पहाटले एकदम गप व्हयनी."

छगन खाली बसला. पूजानं डोळे उघडले. त्यानं हाक मारली. तिनं पाहिलं... बोलली नाही.

आबा थांबले. तंबाखू थुंकली.

"पूजा आता आठवीत आहे. शाळेत इंग्रजीत पहिली. घरात एक शब्द नाही. छगन रोज तिच्यासमोर बसतो, अहिराणीत बोलतो. मुद्दाम. म्हणतो, पकड मला, पाटी परत दे... ती नुसती नकाराची मान हलवते."

लाइट आली. पोरं उठली नाहीत.

"आणि तिच्या मानेवर," आबा म्हणाले, "सुतळीचा वळ. अजून ओला असतो."